हे झालं पुस्तकाचं

विद्यार्थ्याने वही उघडून उत्तर वाचायला सुरुवात केली की मॅडम दोन ओळी ऐकून घ्यायच्या. मग हात पुढे करून उघड्या वहीवर तळहात ठेवायच्या, झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि म्हणायच्या, "हे झालं पुस्तकाचं. आता तुह्यं काय म्हणणं हाये, ते सांग."

वही झाकली गेल्यावर पोरगं गोंधळायचं. आधी त्यांच्या हाताकडे पाहायचं, मग खिडकीकडे, मग कुणी मदतीला आहे का म्हणून मागे. त्या थांबून राहायच्या. किती वेळ थांबायच्या, ते मी एकदा घड्याळ लावून मोजलं आहे. पावणेदोन मिनिटं. वर्गात पावणेदोन मिनिटं कुणीच बोललं नाही तर काय वाटतं, ते शिकवणाऱ्यालाच माहीत. मी त्यांच्या जागी असतो तर तेवढ्यात उत्तर सांगून, फळ्यावर लिहून, खाली रेघ ओढून मोकळा झालो असतो.

मी व्हरांड्यात उभा राहून घड्याळ का लावलं होतं, हे तुम्ही विचारण्याआधीच सांगून टाकतो. मला त्यांचा हेवा वाटायचा. सणासुदीला वाटावा तसा नाही, रोजचा. स्कूटरवर वाटायचा, जेवताना वाटायचा. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाचा हेवा करायला एक प्रतिष्ठा तरी असते. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आलेल्या बाईंचा हेवा वाटतो, हे सांगायचीही सोय नव्हती. तुमच्याही नोकरीत असं कुणी आलं असेल. आठवून पाहा.

आमचं कॉलेज लहान. नुसती कला शाखा, तीनेकशे मुलं, त्यात मुली जास्त. कन्हान, कामठी, मौद्याकडून सकाळच्या बसने येणारी. फाटकासमोर तर्री-पोह्यांचा ठेला आणि त्याच्या बाजूला झेरॉक्सचं दुकान. त्या दुकानाचं निम्मं पोट माझ्या नोट्सवर भरतं, असं स्टाफरूममध्ये गमतीनं म्हणत. मी मराठीचा प्राध्यापक. सव्वीस वर्षं मी सांगितलं आणि मुलांनी लिहून घेतलं. स्वल्पविरामसुद्धा सांगायचो. एकदा सांगता सांगता मध्येच एक घरगुती आठवण निघाली, तेव्हा मी म्हणालो, "हे लिहू नका." पुढे वह्या तपासायला घेतल्या तर अठ्ठेचाळीस वह्यांमध्ये सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, हे लिहू नका. तेव्हा मला हसू आलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला होता.

त्या समाजशास्त्र शिकवायला आल्या. गाव मौद्याच्या पलीकडे कुठेतरी, घरची शेती. पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मले कुठंबी बसवा जी. कूलरची हवा नाही लागली तरी चालते."

कूलरसमोरची खुर्ची माझी होती. ज्येष्ठतेनं मिळालेली. ती कुणी मागितली नव्हती, तरी मी जरा सावरून बसलो.

आमचं घराणं नागपूरच्या महाल भागातलं. पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात लिहिणारे. घरात 'मले' म्हटलं की आई पाण्याचा तांब्या पुढे करायची, चूळ भरून ये म्हणून. तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मॅडम, 'मला'. वर्गात तरी 'मला' म्हणावं." त्या मोकळेपणानं हसल्या. "लिहताना 'मला'च लिहून राहिली मी जन्मभर, सर. पण हे पोट्टे घरून 'मले' घेऊन येतात. त्याईले दारातच थांबवलं, तं ते बोलतीन कशाले?"

त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. मी संध्याकाळपर्यंत रागावलेला होतो.

पहिले तीन आठवडे त्यांनी शिकवलंच नाही. ग्रंथालयामागे एक जिना आहे, सावलीचा. त्याच्या तिसऱ्या पायरीवर त्या बसायच्या आणि एकेक विद्यार्थी पाळीनं खालच्या पायरीवर. वीस वीस मिनिटं. कुठून येतो, संग कोण असते, रस्त्यात काय दिसते, घरी कोण कोणाशी बोलत नाही, असल्या चौकशा. प्राचार्य मला म्हणाले, "अहो, या शिकवणार कधी?" मी खांदे उडवले. आतून मला फार बरं वाटलं होतं.

मग चौथ्या आठवड्यात त्यांनी पत्रिका वाटल्या.

म्हणजे असं. नागपुरात लग्नसराई संपली की प्रत्येक घरात पत्रिकांचा ढीग साचतो. गणपतीचं चित्र असतं म्हणून कुणी फेकत नाही, आणि ठेवून करायचं काय, तेही कळत नाही. मॅडमनी अख्ख्या स्टाफला सांगून ठेवलं होतं, "पत्रिका फेकू नका, मले आणून द्या." त्या गणपतीचा भाग कात्रीनं वेगळा काढून जपून ठेवायच्या आणि उरलेल्या जाड कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करायच्या. त्याच्या कोऱ्या बाजूला एकेका विद्यार्थ्याचा एकेक प्रश्न लिहिलेला. प्रत्येकाचा वेगळा. वर्षभर पुरवायचा. उत्तर पुस्तकात नाही, गावात, बसमध्ये, मोहल्ल्यात जाऊन शोधायचं. जे सापडेल त्यातून कुणाचं काही सोपं करता आलं तर करायचं, आणि मग पुस्तक उघडून पाहायचं, की शहाणी माणसं याबद्दल काय म्हणून गेली आहेत.

मला ते प्रश्न बघायची फार इच्छा असायची, पण मागणार कसा? मग मी मुलांच्या वह्यांतून डोकावून वाचायचो. पहाटे घरोघरी पेपर टाकून वर्गात पेंगणाऱ्या एका मुलाला होता, 'तू पेपर टाकते त्या घराईत पहिल्यानं पेपर कोण वाचते? अन् बाईच्या हाती तो कितव्या नंबरानं येते?' आदलं वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलीला होता, 'बसमधी तुले जागा कोण देते, अन् काहून देते?' ती मुलगी दिवाळीपर्यंत इतकी बोलायला लागली, की माझ्या तासाला तिला दोनदा गप्प करावं लागलं.

हे प्रश्न कुठून सुचायचे? त्या वीस मिनिटांतून. मी इतक्या वर्षांत एवढ्या मुलांना शिकवलं, पण कोण कुठल्या बसने येतं ते मला माहीत नव्हतं.

आता प्रणालीचं सांगायला हवं. कन्हानची मुलगी, वडील खाणीत कामाला. माझ्या नोट्स तिला स्वल्पविरामासकट पाठ असायच्या. पहिल्या वर्षी मराठीत ती वर्गात पहिली आली तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं. हिला एम.ए. करायचं, नेट द्यायला लावायचं, आणि मी निवृत्त होईन तेव्हा माझ्या खुर्चीवर ही बसेल. कूलरसमोर. तिला हे मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज आहे असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ती अर्ज घेऊन आली. मुख्य विषय मराठीऐवजी समाजशास्त्र.

"काय गं, मराठीत काय वाईट आहे?" मी विचारलं.

"वाईट काही नाही सर. मले माह्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे."

तिनं कार्ड दाखवलं. आदल्या वर्षी तिचे वडील धंतोलीत एका दवाखान्यात वीस दिवस होते, आणि ती व तिची आई त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर. हे मला त्या दिवशी कळलं. कार्डावर लिहिलं होतं, 'पेशंटले तं खाट भेटते. त्याच्या संग आलेला माणूस कुठं बसते?'

मी ते कार्ड उगाच उलटून पाहिलं. मागच्या बाजूला छापलेलं होतं, 'आपले विनीत', आणि खाली माझं आणि माझ्या बायकोचं नाव. त्याच उन्हाळ्यात माझ्या लेकीचं लग्न झालं होतं. ती पत्रिका मीच मॅडमना हौसेनं नेऊन दिली होती.

मी अर्जावर सही केली. पेनची शाई त्या दिवशी जरा जास्त दाबून उमटली.

माणूस जळायला लागला की आधी नाक मुरडतो आणि मग गुपचूप नक्कल करतो. मीही केली. ठरवलं, यात एवढं काय आहे? घरी बसून चाळीस प्रश्न काढले. चांगले होते, आजही मला ते चांगले वाटतात. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि म्हणालो, "आज आपण प्रत्येकाला स्वतंत्र प्रश्न देणार आहोत. लिहून घ्या." आणि एकापाठोपाठ एक चाळीसही प्रश्न सांगितले, विरामचिन्हांसकट. मुलांनी सगळे लिहून घेतले. आठवड्यानं पाहतो तर त्यांची उत्तरं झेरॉक्सच्या दुकानात संच करून टांगलेली. वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर करून विचारलं, "सर, यातले इम्पॉर्टंट कोणते?"

माझं चुकलं कुठे, ते मला तेव्हा खरंच कळलं नाही. मी मुलांनाच बोल लावला.

त्या हिवाळ्यात मुलांना बाहेर नेताना दोन शिक्षक सोबत हवेत असा नियम निघाला, आणि प्राचार्यांनी माझं नाव घातलं. तेव्हा एक दिवस मी मॅडम आणि त्यांच्या सात-आठ विद्यार्थ्यांबरोबर धंतोलीत गेलो. तुम्हाला धंतोली माहीत असेलच. दारोदारी दवाखाने, आणि प्रत्येक दवाखान्यासमोर पाय पोटाशी घेऊन बसलेली विदर्भभरची माणसं. मी त्या रस्त्यानं हजारदा गेलो होतो. स्कूटर लावायला जागा मिळत नाही एवढंच मला तिथलं माहीत होतं.

प्रणालीनं एक नकाशा काढला होता. त्यावर एकाही डॉक्टरचं नाव नव्हतं. कुठल्या पायरीवर किती वाजेपर्यंत सावली असते. कुठला चौकीदार बसू देतो, कुठला उठवतो. प्यायचं पाणी कुठे, डबा गरम करून कोण देतं, मोबाईल चार्जिंगला कुठे लावता येतो, बाईमाणसाला आडोसा कुठे. ती माणसांजवळ उकिडवी बसून विचारायची, लिहायची, आणि नव्यानं आलेल्यांना हाताला धरून नेऊन जागा दाखवायची. मॅडम फुटपाथच्या कडेला बसल्या होत्या. काही करत नव्हत्या. मध्येच प्रणाली वही घेऊन आली आणि वाचायला लागली, "दवाखान्यातील नातेवाइकांच्या समस्या पुढीलप्रमाणे," तशी त्यांनी वहीवर हात ठेवला. "हे झालं पुस्तकाचं, वं. त्या आजीबाईजवळ तू अर्धा घंटा बसली, तं काय वाटलं तुले?"

प्रणालीनं वही मिटली. मग म्हणाली, "मॅडम, तिले बसाले जागा नाही पाहिजे. आत काय चालू हाये, ते तिले कोणीतरी सांगाले पाहिजे."

मॅडमनी मान हलवली. "हे तुह्यं झालं. हे लिहून ठेव."

माझ्या पांढऱ्या शर्टाकडे पाहून गोंदियाकडचे एक म्हातारे माझ्याजवळ फाइल घेऊन आले. डॉक्टर समजून. मी फाइल घेतली आणि त्यांना स्पष्ट उच्चारांत वाचून दाखवली, पहिल्या पानापासून. त्यांनी हात जोडून सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माह्यी म्हातारी वाचते का नाही, जी?" मला ते त्या फाइलमधून सांगता येईना. शेवटी प्रणालीनंच त्यांना आत नेलं, एका नर्सजवळ उभं केलं, आणि सगळं समजेपर्यंत त्यांच्या बाजूला थांबली.

दुपारी मॅडमनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकर आणि झुणका माझ्यापुढे केला. मी नको म्हणत असतानाच त्या बोलल्या, "सर, एक सांगू? तुमच्या हातून आलेल्या पोरी वाक्य लिहतात. सरळ, पुरं वाक्य. मले तसं शिकवता नाही येत. मी नुसती विचारत राहते. तुम्ही नसते, तं या प्रणालीनं पाहिलेलं सारं तिच्या पोटातच राहिलं असतं."

त्या हे मनापासून बोलत होत्या. मी सहा महिने झोपेत दात खात होतो, आणि यांना माझा तिळभरही हेवा वाटत नव्हता. मला सर्वांत जास्त लागलं ते हेच. भाकर मी खाल्ली. चांगली होती. तेही मला आवडलं नाही.

मॅडमचं दुसरं वर्ष संपत आलं. त्यांच्या नेमणुकीचा कागद पुढच्या वर्षासाठी करायचा की नाही, यावर बैठक बसली. तक्रारी होत्या, खोट्या नव्हत्या. अभ्यासक्रमाचे दोन घटक राहिले होते. परीक्षेत तीन मुलांनी पाठ्यपुस्तकातली उत्तरं सोडून आपली स्वतःची मतं लिहिली होती आणि त्या पेपरात ती नापास झाली होती. एका मुलीचे वडील भांडायला आले होते, की कॉलेजात पाठवलं ते बसमध्ये बायका मोजायला का? प्राचार्य भले गृहस्थ, पण विद्यापीठाचा लिफाफा दिसला की त्यांना घाम फुटायचा. बैठकीआधी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, तुम्ही ज्येष्ठ आहात. तुम्ही ठेवा म्हणालात तर ठेवू. तुम्ही म्हणाल ते."

म्हणजे सगळं माझ्या एका वाक्यावर होतं. मला ते स्वच्छ माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.

माझ्या हातात परिपत्रक होतं. मी उभा राहून वाचायला लागलो. "नेमून दिलेला अभ्यासक्रम, नेमून दिलेल्या तासिकांमध्ये, पूर्ण करणे हे अध्यापकाचे प्रथम कर्तव्य असून," मी चांगलं वाचतो. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं येतं मला. मॅडम टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. मी वाचून कागद खाली ठेवला, तेव्हा त्या जराशा उठल्या, वाकल्या, आणि माझ्या परिपत्रकावर त्यांनी तळहात ठेवला.

"सर, हे झालं परिपत्रकाचं," त्या म्हणाल्या. "तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

दोन वर्षांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच माझ्या भाषेत बोलल्या.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग प्राचार्यांकडे. कूलरचा आवाज येत होता. त्या थांबून होत्या, मुलांसाठी थांबायच्या तशाच, तोंडावर राग नाही, घाई नाही. आणि मला म्हणायचं काय आहे ते माझ्या जिभेपर्यंत आलं होतं. ते म्हटलं असतं तर पुढच्या जूनमध्ये त्या पुन्हा त्या जिन्यावर बसल्या असत्या आणि मी पुन्हा व्हरांड्यात घड्याळ लावून उभा राहिलो असतो.

"माझं वेगळं काही म्हणणं नाही," मी म्हणालो.

त्यांनी हात उचलला आणि त्या खाली बसल्या.

शेवटच्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये आल्या. कापून ठेवलेल्या कोऱ्या कार्डांचा खोका त्यांनी प्रणालीच्या हाती दिला होता. मला म्हणाल्या, "चला, येते सर. कूलरची हवा अंगावर सरळ नका घेत जाऊ, मान आखडते." एवढंच. मी उठून उभा राहिलो, पण तोपर्यंत त्या दारातून गेल्या होत्या.

त्यांच्यानंतर समाजशास्त्राला आलेल्या सरांनी अभ्यासक्रम जानेवारीतच संपवला. मी त्यांच्या तासाला कधी व्हरांड्यात उभा राहिलो नाही. ग्रंथालयामागच्या जिन्यावर आता जुनी बाकं रचून ठेवली आहेत. मॅडम कुठे गेल्या, यावर कुणी म्हणे गोंदियाकडे एका शाळेत, कुणी म्हणे गावी परत. मी मुद्दाम कुणाला विचारलं नाही. मला वाटलं होतं, त्या गेल्यावर हेवा जाईल. तो गेला नाही. मुलं वही वाचायला लागली की अजून माझा हात पुढे जायचा आणि मधेच थांबायचा. त्या हातासारखं मला जमणार नाही, हे मला माहीत होतं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. यंदा उन्हाळ्यात बायकोचा गुडघा बदलायचा ठरला. धंतोलीतच. तिला आत नेलं आणि मी फाइल पोटाशी धरून बाहेर आलो. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. ऊन असं, की चपलेतून पाय भाजत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी दवाखान्याच्या बाहेर कुठे बसायचं, याचा विचार करत उभा होतो.

"सर, तिथं नका बसू. इकडं या."

प्रणाली. ओळखायला क्षणभर लागला. त्याच दवाखान्याच्या मदत कक्षात आता ती नोकरी करते. दाराशी एक टेबल, समोर चार बाकं, आणि आत काय चाललंय हे बाहेरच्या माणसाला येऊन सांगायचं, हेच तिचं काम. तिनं मला जिन्याखालच्या बाकावर नेऊन बसवलं. "इथं चार वाजेपर्यंत ऊन येत नाही," म्हणाली. पाणी दिलं. आत जाऊन आली, आणि काकूंना भूल दिली आहे, दीड तास लागेल, घाबरायचं नाही, असं मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. मग जराशी उसंत मिळाली तेव्हा ती टेबलावरून एक कार्ड घेऊन आली आणि माझ्या बाजूला बसली. प्लास्टिकमध्ये घातलेलं. एका बाजूला तिचा प्रश्न. दुसऱ्या बाजूला 'आपले विनीत', आणि माझं नाव.

"सर, एक विचारू का? लय वर्षांपासून विचाराचं होतं," ती म्हणाली. "मॅडमले काहून जाऊ देलं?"

"त्या वर्षी विद्यापीठाचं परिपत्रक आलं होतं," मी सुरुवात केली. "अभ्यासक्रमाचे दोन घटक अपूर्ण..."

माझ्या मांडीवर बायकोची फाइल होती. प्रणालीनं त्या फाइलवर तळहात ठेवला. नुसती थांबली.

समोरून स्ट्रेचर गेलं. एक बाई नंबर विचारून गेली. मी प्रणालीच्या हाताकडे पाहिलं. शाईचा डाग होता बोटावर.

"मला त्यांचा हेवा वाटत होता," मी म्हणालो. "मुलं त्यांच्याशी बोलायची, माझं नुसतं लिहून घ्यायची. तू गेलीस तेव्हा तर फारच. माझ्या एका शब्दावर त्या राहिल्या असत्या, प्रणाली. मी तो म्हटला नाही."

ती रागावेल असं वाटलं होतं. रडेल असंही वाटलं होतं. तिनं फाइलवरचा हात काढला.

"हे तुमचं झालं, सर," ती म्हणाली.

मग उठून ती टेबलाकडे गेली, खण उघडून तिनं एक कोरं कार्ड काढलं, कुणाच्या तरी लग्नाचं, आणि पेनसकट माझ्या हातात ठेवलं. "मॅडमले लिहा. गावालेच हायेत त्या. पत्ता मी टाकीन." तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली आणि ती आत गेली.

सव्वीस वर्षं मी मुलांना वाक्यं सांगितली. त्या बाकावर बसून एक वाक्य मला सुचेना. खोडायला दुसरं कार्ड नव्हतं. चार वाजले, ऊन सरकत सरकत माझ्या पायांपर्यंत आलं, तेव्हा कार्डावर एवढंच लिहून झालं होतं:

मॅडम, त्या दिवशी माझं म्हणणं असं होतं की तुम्ही राहावं.